पहिली मोटार आणि महिन्याचा हप्ता

आज मी ज्या विषयावर आपल्याशीं बोलणार आहें, तो वरवर पाहतां चैनीचा वाटेल. आमच्या लहानपणीं मोटारगाडी डॉक्टर, वकील आणि कारखानदार यांच्याच दाराशीं उभी दिसे. खेड्यांतल्या मनुष्याचा तिच्याशीं संबंध एवढाच, कीं ती निघून गेल्यावर तिनें उडविलेली धूळ अंगावर घ्यावी. जालना जिल्हा १९८१ सालीं स्वतंत्र झाला आणि १९८३ च्या डिसेंबरांत दिल्लीस पहिली मारुति गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जिल्हाहि बदलला आणि मोटारहि बदलली. आज अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं जा. प्राथमिक शिक्षक, खताचा दुकानदार, स्टीलच्या कारखान्यांतला फिटर, दोन एकर मोसंबीचा बागाइतदार, या सर्वांच्या मनांत एका लहानशा मोटारीनें घर केलेलें असतें.

आणि हें नुसतें हौसेपोटीं असतें, असें मी म्हणणार नाहीं. घरांत सत्तरी ओलांडलेले वडील आहेत, सून बाळंतपणाला आलेली आहे, आणि मोठा दवाखाना म्हणजे छत्रपति संभाजीनगरची घाटी. ती जालन्याहून साठ किलोमीटर. मंठ्याहून किंवा परतुराहून धरली तर शंभराच्या वर. दिवसां एस. टी. आहे, व ती स्वस्तहि आहे. पंचाहत्तरी गांठलेल्यांस ती २०२२ पासून फुकट आहे आणि स्त्रियांस २०२३ पासून अर्ध्या भाड्यांत. पण रात्रीं दोन वाजतां एस. टी. येत नाहीं. मोटरसायकलवर आजारी माणूस बसवून नेतां येत नाहीं. शिवाय आपल्या जिल्ह्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. तेव्हां मोटार घेऊं नका, असा उपदेश करण्यास मी येथें आलेलों नाहीं. ती कशी घ्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी पुष्कळ वर्षें गणित शिकविलें. त्यामुळें जुने विद्यार्थी मोटारीचा विचार मनांत आला म्हणजे कधीं कधीं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, सात हजारांचा हप्ता परवडेल ना?" मी त्यांस म्हणतों, "बाळ, तुझें उत्तर चुकलें नाहीं, तुझें उदाहरणच चुकीचें मांडलें आहे." हप्ता परवडणें आणि मोटार परवडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विकणाराचा सारा प्रयत्न त्या एकच आहेत असें भासविण्याचा असतो. शक्य असेल त्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. कारण आतां आंकडे सुरू होत आहेत.

समजा, आपणांस तीन लाखांचें कर्ज पाहिजे, आणि कोणी खासगी पैसेवाला सांगतो, "शेंकडा आठ, फ्लॅट; पांच वर्षें." ऐकावयास गोड. हिशेब असा होतो: तीन लाखांवर वर्षाचें व्याज २४,००० रुपये, पांच वर्षांचें १,२०,०००, एकूण ४,२०,०००, साठ महिन्यांनीं भागले असतां हप्ता ७,००० रुपये. यांत चुकीचें काय? चुकीचें हें, कीं पहिल्या महिन्यांत तीन लाख तुमच्यापाशीं असतात हें खरें, पण तुम्ही दर महिन्यास मुद्दल फेडीत जातां, आणि शेवटच्या महिन्यांत तुमच्यापाशीं सात हजारहि उरलेले नसतात. पांच वर्षांची सरासरी काढली तर तुम्हीं वापरलेली रक्कम एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भरते. व्याज मात्र सगळा वेळ तीन लाखांवर. म्हणजे नांव शेंकडा आठाचें आणि दर वस्तुतः शेंकडा चौदाचा. तोच दर खरोखरीच आठ असता, म्हणजे शिल्लक राहिलेल्या मुद्दलावरच व्याज आकारलें असतें, तर हप्ता ६,०८३ रुपये बसला असता आणि पांच वर्षांचें व्याज पासष्ट हजार झालें असतें. मधले पंचावन्न हजार कोठें गेले, हें "फ्लॅट" या एका शब्दास विचारावें.

आमच्याकडे पूर्वी सावकार बी-बियाणें सवाईनें देत. पेरणीला एक मण जोंधळे न्यावे आणि सुगीला सव्वा मण घालावे. दर जबर होता यांत शंका नाहीं; चार-पांच महिन्यांत चवथाई म्हणजे थट्टा नव्हे. परंतु त्यांत एक सरळपणा होता. धान्य सुगीपर्यंत सगळेंच्या सगळें शेतकऱ्यापाशीं असे, आणि किती द्यावयाचें हें निरक्षर मनुष्यासहि मापावरून कळे. फ्लॅट दराचें कर्ज याबाबतींत सवाईपेक्षांहि वाईट, कारण फेडलेल्या पैशावरहि तें व्याज घेत राहतें आणि तें घेतलें जात आहे हें मॅट्रिक झालेल्या मनुष्याच्याहि ध्यानांत येत नाहीं.

यावर उपाय आहे, आणि तो कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२४ मध्यें परिपत्रक काढून १ ऑक्टोबर २०२४ पासून असें बंधन घातलें आहे, कीं बँकेनें किंवा वित्तसंस्थेनें घरगुती कर्ज देण्यापूर्वीं ऋणकोस कर्जाच्या मुख्य गोष्टींचें एक पत्रक द्यावें, आणि त्यांत सर्व शुल्कें जमेस धरून वर्षाचा एकंदर दर शेंकड्यांत लिहावा. तो एकच आंकडा पाहावा. दोन ठिकाणचीं पत्रकें शेजारीं ठेवावीं आणि ज्याचा हा आंकडा लहान, त्याचें कर्ज स्वस्त. सुंदर मुलगी, हंसरा तरुण, चहा-बिस्किटें, यांचा या आंकड्याशीं संबंध नसतो. पत्रक देण्यास जो कांकूं करील त्याच्या दारांतून उठून यावें.

आतां मुदतीची गोष्ट. हप्ता लहान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे वर्षें वाढविणें. तीन लाख, शिल्लक मुद्दलावर शेंकडा दहा, असें धरूं. तीन वर्षांस हप्ता ९,६८०. पांच वर्षांस ६,३७४. सात वर्षांस ४,९८०. सात वर्षांचा हप्ता पाहून जीव भांड्यांत पडतो. पण एकूण व्याज? तीन वर्षांत अठ्ठेचाळीस हजार, पांच वर्षांत ब्याऐंशी हजार, सात वर्षांत एक लाख अठरा हजार. दुसरें असें, कीं प्रारंभींच्या हप्त्यांत व्याजाचा वांटा मोठा असतो. पांच वर्षांच्या उदाहरणांत पहिल्या ६,३७४ रुपयांपैकीं २,५०० व्याजाकडे जातात. शेवटच्या हप्त्यांत केवळ त्रेपन्न रुपये. म्हणून मधेंच चार पैसे हातीं आले तर ते पहिल्या एक-दोन वर्षांत भरण्यांत लाभ. शेवटच्या वर्षीं भरून फारसें साधत नाहीं. मात्र मुदतीपूर्वीं भरल्यास दंड पडतो काय, हें सही करण्याआधींच विचारावें.

लांब मुदतींत आणखी एक फसगत आहे, ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मोटार ही जमिनीसारखी वस्तु नाहीं. ती रोज स्वस्त होते. विमा कंपन्यांचें रूढ कोष्टक असें आहे, कीं एक वर्ष पुरें झालें कीं किंमतींतून शेंकडा वीस वजा, दोन वर्षांनंतर तीस, तीन वर्षांनंतर चाळीस, चार वर्षांनंतर पन्नास. आतां कोणी साडेचार लाखांची गाडी सबंध कर्जावर, शेंकडा दहानें, सात वर्षांच्या बोलीनें घेतली. तीन वर्षें नेमानें हप्ते भरले. त्या वेळीं कर्ज शिल्लक दोन लाख चौऱ्याण्णव हजार. आणि गाडीची विम्याची किंमत दोन लाख सत्तर हजार. त्या दिवशीं गाडी अपघातांत निकामी झाली अथवा चोरीस गेली, तर विम्याची सबंध भरपाई मिळूनहि पदरचे चोवीस हजार घालून, नसलेल्या गाडीचें कर्ज फेडावयाचें! पदरचा पैसा आधीं जास्त घालावा असें म्हातारीं माणसें सांगतात, त्याचें कारण हें आहे.

पदरचा पैसा किती लागेल, याचा अंदाजहि जाहिरातीवरून येत नाहीं. वर्तमानपत्रांत छापलेली किंमत ही दुकानांतील किंमत. साडेचार लाखांच्या पेट्रोलच्या गाडीवर महाराष्ट्र सरकारचा एकरकमी कर शेंकडा अकरा, म्हणजे ४९,५०० रुपये. विमा निराळा. नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. एवढा एकटा भाग लहान इंजिनाच्या मोटारीस २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणें ६,५२१ रुपये होतो. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. दोन्ही मिळून साडेबावीस हजार धरले, तर साडेचार लाखांची गाडी रस्त्यावर येईतों ५,२२,००० होते. तीन लाख कर्ज काढलें तरी दोन लाख बावीस हजार आपले पाहिजेत. (विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असें मुळींच नाहीं. बाहेर चौकशी करावी. बहुधा कांहीं हजार वांचतात.) टाटांच्या नॅनोची आठवण आपणांस असेल. २००९ सालीं ती एक लाखाची गाडी म्हणून गाजली. तरी कर, विमा आणि वाहतूक धरून कोणाच्याहि दाराशीं ती एक लाखांत आली नाहीं.

आतां गाडी दारांत उभी आहे. तिला खावयास लागतें. महिन्याला पांचशें किलोमीटर फिरणें, लिटरला अठरा किलोमीटर, आणि पेट्रोल १०५ रुपये धरूं. २,९१७ रुपये झाले. विमा वर्षाचा बारा हजार, म्हणजे महिन्याचा एक हजार. सर्व्हिसिंगचे महिन्याकाठीं पांचशें. चार टायर सोळा हजारांचे, चार वर्षांत झिजतात, महिन्याचे ३३३. बेरीज ४,७५०. यांत पंक्चर नाहीं, दंड नाहीं, जांवयानें गाडी खांबाला घांसली तें नाहीं, आणि टोलहि नाहीं. समृद्धि महामार्गावर एप्रिल २०२५ पासून मोटारीस किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे टोल झाला. पेट्रोल किलोमीटरला पांच रुपये त्र्याऐंशी पैसे पडतें, त्यावर हा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार.

म्हणजे हप्ता ६,३७४ आणि खाणें-पिणें ४,७५० मिळून महिन्याला ११,१२४ रुपये. सात हजारांस परवडेल ना, असें विचारणाऱ्यानें खरें तर अकरा हजारांस विचारावयास पाहिजे.

परवडेल कीं नाहीं, याची परीक्षा कशी घ्यावी? मी एक युक्ति सुचवितों, आणि जे कोणी विचारावयास येतात त्यांस तीच सांगतों. गाडी घेण्यापूर्वीं सहा महिने गाडी घेतली आहे असें समजून चालावें. बँकेंत आवर्त ठेवीचें खातें उघडून पगाराच्या दुसऱ्या दिवशीं अकरा हजार रुपये त्यांत टाकावे. शाळेची फी, सणवार, लग्नाचे आहेर, दवाखाना, हें सर्व उरलेल्या पैशांत भागवून पाहावें. सहा महिने हें जमलें, तर गाडी परवडते. तिसऱ्या महिन्यांतच खातें मोडावें लागलें, तर परवडत नाहीं. आणि हें ज्ञान फुकट मिळालें, कारण दाराशीं वसुलीचा मनुष्य उभा नाहीं आणि जामीनदाराचें तोंड चुकवावें लागत नाहीं. शिवाय जमलेले सहासष्ट हजार पहिल्या रकमेंत घातले, तर पुढचा हप्ता महिन्याला चवदाशें रुपयांनीं उतरतो. कोणी म्हणेल, सहा महिन्यांत किंमती वाढतील. वाढतीलहि. कधीं उतरतातहि, २२ सप्टेंबर २०२५ रोजीं लहान मोटारींवरील जी. एस. टी. अठ्ठावीसावरून अठरा टक्क्यांवर आला, तेव्हां थांबलेल्यांचाच लाभ झाला.

ही युक्ति पगारदारास ठीक. शेतकऱ्याचें गणित निराळें आहे, आणि तें बँकेच्या कोष्टकांत नीट बसत नाहीं. हप्ता दरमहा येतो. कापूस, सोयाबीन दिवाळीच्या आगेंमागें येतात. मोसंबीच्या आंबेबहाराचे पैसे पावसाळ्याच्या अखेरीस आणि मृगबहाराचे उन्हाळ्याच्या तोंडाशीं. मधले महिने कोरडे. म्हणून शेतकऱ्यानें पहिली गोष्ट ही विचारावी, कीं हप्ता सहामाही बांधून मिळेल काय. ट्रॅक्टरच्या कर्जांत अशी सोय असते, मोटारीच्या कर्जांतहि कांहीं ठिकाणीं मिळते. न मिळाल्यास सुगीचा पैसा येतांच वर्षाचे बाराहि हप्ते निराळ्या खात्यांत टाकून त्या खात्यास हात लावूं नये. आणि चांगल्या वर्षाच्या भरंवशावर पांच वर्षांचा शब्द देऊं नये. २०१२-१३ च्या दुष्काळांत याच जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनें पाणी घालूनहि कित्येकांस त्या वांचवितां आल्या नाहींत. गेलेली बाग पुन्हा फळावर येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. कर्जाचा हप्ता इतका थांबत नाहीं.

हप्ते थकले म्हणजे काय होतें, तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. गाडी कर्जाला तारण असते व ती धनको ओढून नेऊं शकतो. परंतु त्यास रीतसर नोटीस द्यावी लागते. वसुलीसाठीं गुंड पाठवितां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालींच बजाविलें आहे. अडचण येणार असें दिसतांच बँकेंत जाऊन लेखी कळवावें. लपून बसणें हा सर्वांत महाग मार्ग.

कर्जाचा दर दगडावर कोरलेला असतो असेंहि समजूं नये. आपल्या शेजारच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, २०१० च्या ऑक्टोबरांत एक नवल घडलें. शहरांतील धनिकांनीं एकत्र येऊन एकदम दीडशें मर्सिडीज गाड्या घेतल्या; किंमत पासष्ट कोटींच्या घरांत. मोठें गिऱ्हाईक म्हणून स्टेट बँकेनें त्यांस शेंकडा सातानें कर्ज दिलें. पी. साईनाथ या पत्रकारांनीं त्याच वर्षीं हें दाखवून दिलें, कीं त्याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ट्रॅक्टरच्या कर्जावर याच्या दुपटीच्या घरांत व्याज पडत होतें. मर्सिडीजवाल्यांस स्वस्त कर्जाची गरज होती असें कोणी म्हणणार नाहीं. ते दीडशें होते, एवढेंच त्यांचें बळ. ही गोष्ट मला आजहि बोंचते. पण तिच्यांतून घेण्यासारखें असें, कीं एकाच शाळेंतल्या, एकाच कारखान्यांतल्या चार-पांच जणांस गाडी घ्यावयाची असेल तर त्यांनीं मिळून भाव करावा, आणि नोकरदारांनीं आपल्या पतसंस्थेचा दरहि बँकेच्या दराशेजारीं ठेवून पाहावा.

पुष्कळ तरुण आणखी एक बेत सांगतात. "लग्नसराईंत गाडी भाड्यानें देऊं, हप्ता आपोआप सुटेल." हा बेत कागदावरच गोड आहे. पांढऱ्या पाटीची मोटार ही घरगुती वापरासाठीं नोंदलेली असते. तिनें भाडें करणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें परवान्यावांचून करतां येत नाहीं. पकडल्यास दंड होतो तो होतोच. पण खरा धोका अपघाताचा. गाडी भाड्यावर होती असें निघालें म्हणजे विमा कंपनी हात वर करते, आणि वऱ्हाडांतील जखमी माणसांच्या भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊं शकतो. भाड्याचाच धंदा करावयाचा तर पिवळ्या पाटीची गाडी, तिचा परवाना आणि तिचा विमा घेऊन उघडपणें करावा.

ज्यांच्यापाशीं दोन-अडीच लाखच आहेत, त्यांस माझें मत विचारल्यास, पांच-सहा वर्षें चाललेली जुनी गाडी रोख घेणें बरें. पहिल्या मालकानें घसारा सोसलेला असतो, आणि जुन्या गाडीचें कर्ज सहसा महाग असतें, म्हणून होईल तों काढूंच नये. आपल्या माहितीचा मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाराचा नव्हे. सकाळीं इंजिन थंड असतांना गाडी सुरू करून पाहावी. आर. सी. वर बँकेच्या तारणाची नोंद आहे काय, दंड थकले आहेत काय, हें तपासावें. तारणाची नोंद असेल आणि मालक "कर्ज केव्हांच फिटलें" म्हणत असेल, तर नोंद उतरल्यावांचून पैसे देऊं नयेत. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी आर. टी. ओ. कचेरींत आपल्या नांवावर करून घ्यावी, आणि विमाहि चवदा दिवसांचे आंत नांवावर करण्यास अर्ज द्यावा. येथें विकणाऱ्यानेंहि डोळे उघडे ठेवावे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे, कीं गाडी हातोहात तीन-चार जणांकडे गेली तरी नोंद ज्याच्या नांवावर, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार.

आणि नव्या गाडीचें कर्ज फिटल्यावर पेढे वांटून स्वस्थ बसूं नये. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म मागून घ्यावा, त्याची मुदत संपण्यापूर्वीं आर. टी. ओ. कचेरींत देऊन आर. सी. वरील तारणाची नोंद उतरवून घ्यावी, आणि तसेंच विमा कंपनीस कळवून पॉलिसीवरील बँकेचें नांव काढवावें. जामीनदारास ना-हरकत पत्राची एक प्रत नेऊन द्यावी; पांच वर्षें त्याचेंहि नांव त्या कागदावर होतें.